विश्लेषण : पर्यटक आटले, तेव्हा फिजीला बाजाराने कसे सावरले?

फिजी म्हटले की निळा समुद्र आणि महागडी रिसॉर्ट आठवतात. सुमारे नऊ लाख लोकसंख्येच्या या द्वीपराष्ट्राच्या अर्थव्यवस्थेचा जवळपास ४० टक्के भाग प्रत्यक्ष-अप्रत्यक्षपणे पर्यटनावर उभा होता. मार्च २०२० मध्ये पर्यटक थांबले. देशाची दारे पुन्हा उघडली ती डिसेंबर २०२१ मध्ये. हॉटेलांतले रोजगार गेले, तेव्हा अनेकांनी गावची जमीन कसायला घेतली. त्या मालाला गिऱ्हाईक मिळवून देणारी जागा म्हणजे पारंपरिक बाजार.

हे बाजार चालतात कसे?

राजधानी सुवाच्या पालिका बाजारात तळमजल्यावर भाज्या, फळे आणि कंद, तर वरच्या मजल्यावर मसाले आणि ‘कावा’ या पेयाची मुळे मिळतात. बराचसा माल वजनावर नव्हे, तर वाटे लावून विकला जातो. वाट्याचा भाव ठरलेला असल्याने फारशी घासाघीस होत नाही. अळूचे कंद आणि कसावा यांच्या शेजारीच भेंडी, वांगी, मिरची दिसतात. १८७९ ते १९१६ दरम्यान करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांचा तो वारसा आहे.

पैसा बेटावरच कसा राहतो?

रिसॉर्टमध्ये खर्च झालेल्या पैशाचा मोठा हिस्सा आयात खाद्यपदार्थ आणि परदेशी मालकांच्या नफ्यातून बाहेर जातो. वाटा विकून आलेला पैसा मात्र बसभाडे, शाळेचा खर्च आणि गावातले दुकान असा फिरतो. गाळेभाड्यातून पालिकेलाही उत्पन्न मिळते.

महिलांना काय मिळते?

संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागानुसार, प्रशांत बेटांवरील बाजारांत ७५ ते ९० टक्के विक्रेत्या महिला आहेत. दूरच्या गावांतून आलेल्या अनेकींना माल सांभाळत रात्र बाजारातच काढावी लागे. २०१४ मध्ये फिजी, सॉलोमन बेटे आणि वानुआतू येथे सुरू झालेल्या प्रकल्पातून शौचालये, छप्पर, मुक्कामाची सोय आणि विक्रेत्यांच्या संघटना यांवर भर देण्यात आला.

धोका कुठे आहे?

फेब्रुवारी २०१६ मधील ‘विन्स्टन’ चक्रीवादळात ४४ जणांचा बळी गेला. शेते झोपली आणि राकिराकीच्या बाजाराचेही मोठे नुकसान झाले. पुढे तो वादळाला तोंड देईल असा नव्याने बांधला गेला. पण इमारत टिकली तरी पीक गेल्यास ओटे रिकामेच राहतात. नाशवंत माल दिवसाअखेर पडेल भावात काढावा लागतो, तर आयात तांदूळ, नूडल्स आणि डबाबंद मासळी महिनोन् महिने टिकते. त्यामुळे छपराइतकीच साठवणूक, रस्ते आणि वादळानंतर लगेच मिळणारे बियाणेही महत्त्वाचे ठरते.

पर्यटक परतले आहेत. मात्र पुढच्या संकटात बेटाला पोसण्याची ताकद या बाजारात किती उरेल, हे आताच्या गुंतवणुकीवर अवलंबून आहे.