वाऱ्याआड लपलेले ऊन

जळगाव किंवा नागपूरच्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाला २८ अंश या आकड्याचे भय वाटत नाही. मेच्या मध्यावर अंगणात पारा ४४ वर पोहोचलेला असतो आणि मोबाइलच्या पडद्यावर ग्रीसमधील सांतोरिनी बेटाचे जूनमधील कमाल तापमान अवघे २७-२८ दिसते. मग बॅग भरण्याचा विषय हसण्यावारी जातो. चार टी-शर्ट, दोन अर्ध्या विजारी, छायाचित्रांसाठी एक झुळझुळीत पोशाख, झाली तयारी! उरलेल्या जागेत खाकरा, थेपले आणि चिवड्याचे डबे बसवले जातात. सहाशे पायऱ्या कोणत्या चपलांनी उतरणार, हे मात्र आजीला कोणी विचारत नाही.

आकडा खोटा नसतो, पण तो सावलीतला असतो, आणि सांतोरिनीवर सावली फार थोडी आहे. ग्रीक लोक ज्याला थिरा म्हणतात ते हे बेट म्हणजे एका बुडालेल्या ज्वालामुखीचा काठ होय. इ. स. पू. १६०० च्या सुमारास येथे प्रचंड उद्रेक झाला, मधला भाग खचला, तेथे समुद्र शिरला आणि चंद्रकोरीच्या आकाराची कड तेवढी उरली. आतल्या बाजूला सुमारे ३०० मीटर उंचीचा उभा कडा आहे, आणि त्याच्या माथ्यावर फिरा, इमेरोविग्ली, इया ही पांढरीशुभ्र गावे वसलेली आहेत. मोठी झाडे जवळपास नाहीतच. भिंती चुन्याने रंगवलेल्या, पायवाटा फिक्या दगडांच्या, खाली चकाकणारा समुद्र. ऊन वरून येते तसेच ते समोरून, बाजूने आणि पायाखालूनही येते. छत्री धरली तरी हनुवटीखालची कातडी भाजते ती यामुळे.

त्यात वारा. उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून वाहणाऱ्या वाऱ्याला मेल्तेमी म्हणतात. त्याचा खरा जोर जुलै-ऑगस्टमध्ये असतो, पण जूनमध्येही तो आपली ओळख करून देतो. या वाऱ्यात घाम अंगावर टिकतच नाही. जळगावचे ऊन दारातच दटावते आणि माणूस मुकाट्याने घरात परततो. सांतोरिनीचे ऊन वाऱ्याआड लपून काम करते. दिवसभर अंगाला गार वाटत राहते आणि संध्याकाळी मान लाल, डोके जड, तोंड कोरडे. २०२४ च्या जूनमध्ये ग्रीसमध्ये उष्णतेची लाट नेहमीपेक्षा लवकर आली. त्या दिवसांत निरनिराळ्या ग्रीक बेटांवर भर उन्हात पायी फिरायला निघालेले अनेक परदेशी पर्यटक मरण पावले, आणि त्यांतील बहुतेक पन्नाशी-साठी ओलांडलेले होते. अथेन्सचे अ‍ॅक्रोपोलिस दुपारच्या वेळी बंद ठेवावे लागले. आजी-आजोबांना सोबत घेऊन निघणाऱ्या कुटुंबाने पोशाखाचा विचार या बाजूने करावा; छायाचित्रांचा त्यानंतर.

कापड पारखण्यासाठी बाहेरच्या सल्ल्याची आवश्यकता नाही. ज्याने पेढीवर आयुष्य घालवले आहे असा घरातील कापडवाला आजोबा तागा हाती येताच दोन गोष्टी करतो : अंगठा आणि तर्जनी यांत कापड चोळून पाहतो आणि मग ते उजेडासमोर धरतो. सांतोरिनीसाठी ही दुसरी परीक्षा निर्णायक आहे. ज्या विणीतून उजेड आरपार येतो तिच्यातून भाजणारे किरणही येतात. म्हणून घरच्या ओसरीवर सुखद वाटणारी झिरझिरीत पांढरी मलमल त्या बेटावर अपुरी पडते, आणि ती भिजली तर आणखीच अपुरी. दाट विणीचे पण वजनाला हलके सुती कापड किंवा लिनन घ्यावे. रंग अगदी पांढरा न घेता थोडा गडद, निळा वा मेंदी, घेतला तर किरण अधिक अडतात; सैल शिवण असली की त्या रंगाचा उष्मा जाणवत नाही, कारण आतून वारा खेळतो. लिनन चुरगळते म्हणून अनेक घरांत त्याला नाके मुरडली जातात. परंतु ते अळशीच्या झाडाचे सूत आहे, अंगाला चिकटत नाही, आणि जी घरे रेशीम टाळतात त्यांनाही त्याचा संकोच नाही. सुरकुत्यांचे म्हणाल तर त्या वाऱ्यात कोणाचीच इस्त्री टिकत नाही.

सर्वांत मोठी चूक बाह्यांची होते. उन्हाळा म्हणजे तोकडे कपडे हे समीकरण येथे उलटे आहे. पूर्ण बाह्यांचा, कॉलर उभी करता येईल असा सैल सदरा आणि पायघोळ सुती विजार, मोठ्यांना आणि मुलांनाही. वाळवंटातील माणसे अंगभर का पांघरतात याचे उत्तर पहिल्याच दुपारी मिळते. जीन्स मात्र घरी राहू द्यावी. ती जड, उकडणारी, आणि एकदा भिजली की दिवसभर न वाळणारी.

साडीशिवाय दुसरे काही न नेसणाऱ्या आजींचा प्रश्न वेगळा, आणि त्यांना पंजाबी ड्रेसचा आग्रह करून प्रवासाआधीच घरात कुरबूर ओढवून घेण्यात अर्थ नाही. जॉर्जेट आणि शिफॉन मेल्तेमीत शिडासारखे फुगतात. कड्याच्या काठावरील अरुंद पायरीवर हे केवळ गैरसोयीचे नव्हे तर धोक्याचे आहे. किंचित खळ दिलेली सुती पाचवारी अंगाबरोबर राहते. ती घोट्याच्या थोडी वर नेसावी, पदर कमरेला खोचावा, सेफ्टीपिनांची डबी हातातल्या पर्समध्ये असावी. डोक्यावरचा पदर वाऱ्यात ठरत नाही, त्यामुळे हनुवटीखाली नाडी बांधता येईल अशी रुंद काठाची टोपी आजींनाही घ्यावी. पहिल्या दिवशी त्या लाजतील, दुसऱ्या दिवशी स्वतःच मागतील. सुनांच्या आणि लेकींच्या मनात असलेला तो लांबलचक, वाऱ्यावर उडणारा छायाचित्रांचा झगा बॅगेत कोंबण्याचे कारण नाही. तो तेथे भाड्याने मिळतो.

आता पाय. या बेटावर पादत्राणे कपड्यांहून महत्त्वाची आहेत. फिराच्या जुन्या बंदरापासून गावापर्यंत सुमारे ६०० पायऱ्या आहेत, रुंद, उतरत्या, आणि वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेल्या. इयाच्या मुख्य रस्त्यावर संगमरवरी फरशी आहे. ती दिसते सुरेख आणि घसरते तितकीच. बंदराच्या पायऱ्यांवर प्रवाशांना वाहणारी गाढवे आजही आहेत. त्यांच्या पाठीवर किती भार टाकावा यावर ग्रीक शासनाला २०१८ साली नियम करावा लागला : १०० किलो किंवा प्राण्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा, याहून अधिक नाही. बहुतेक वाचकांपुढे त्यांच्यावर बसण्याचा प्रश्न उभा राहणार नाही. त्यांच्यासाठी शेजारीच रज्जुमार्ग आहे. मात्र मोठी प्रवासी जहाजे आली की त्याची रांग लांबते आणि ती उन्हातच उभी असते. तेव्हा टोपी आणि पाणी बॅगेच्या तळाशी नव्हे, हाताशी हवे.

चंद्रकोरीच्या मधोमध नेआ कामेनी नावाचे काळे बेट आहे. ज्वालामुखी अजून जिवंत आहे तो येथे. शेवटचा उद्रेक १९५० साली झाला. नावेतून उतरून मुखापर्यंत जी चढण चालावी लागते ती राख आणि सुट्या खड्यांची, आणि वाटेत सावलीचे एक पानही नाही. उघड्या चपलांत खडे शिरतात आणि काळा दगड तापलेला असतो. पेरिसा आणि कामारी येथील काळ्या वाळूच्या किनाऱ्यांवर तर दुपारी अनवाणी दहा पावले टाकणेही कठीण. म्हणून प्रत्येकासाठी रबरी, खाचांच्या तळव्याचे, बंद कापडी बूट. चामडे न वापरणाऱ्यांना ते शोधावे लागत नाहीत. वाळूसाठी एक साधी रबरी चप्पल. बूट निघण्याच्या आदल्या दिवशी विकत घेऊ नयेत. किमान तीन आठवडे आधी घ्यावेत आणि आजोबांनी ते सकाळच्या फेरफटक्याला घालून मळवावेत. नव्या बुटाचा फोड पहिल्या संध्याकाळी येतो आणि पुढचे चारही दिवस खातो.

नेआ कामेनीला जाणाऱ्या नावा बहुधा शेजारच्या पालेआ कामेनीच्या उष्ण झऱ्यांपाशीही थांबतात. तेथील पाण्यात लोह आणि गंधक असते. फिक्या रंगाच्या पोहण्याच्या कपड्यांवर त्याचे गंजासारखे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. त्या दिवशी गडद रंगाचा, जुना पोशाख.

बॅगेच्या वजनाविषयी व्यापारी घराण्यांना सांगावे लागू नये, पण लागते. इयाच्या गल्ल्यांत वाहन शिरत नाही. गाडी थांबते तेथून पुढे निवासापर्यंतच्या पायऱ्या सामान खांद्यावर घेऊन हमाल उतरतात. विमानाने २३ किलो नेऊ दिले म्हणून २३ किलो भरावेत असे नाही; सहा जणांच्या सहा कडक कवचाच्या पेट्या म्हणजे एका माणसाच्या खांद्यावरून सहा खेपा, तीनशे मीटरच्या कड्यालगत. माणशी तीन जोड पुरतात. एक अंगावर, एक वाळत, एक घडीत. बेटावर गोड्या पाण्याचे झरे जवळपास नाहीत, समुद्राचे पाणी गोडे करून वापरले जाते, त्यामुळे रोज ढीगभर धुणे काढणे शोभत नाही. पण संध्याकाळी मूठभर साबणाने पिळून टाकलेला सुती सदरा त्या वाऱ्यात झोपायच्या आत वाळतो. एक दोरी आणि डझनभर चिमटे, यांहून उपयुक्त वस्तू बॅगेत दुसरी नाही. चिमटे विसरले तर सदरा थेट समुद्रात जातो.

जे केवळ उकळलेले पाणी घेतात त्यांनी थर्मास आधी ठेवावा, कपडे नंतर. उपवास किंवा एकासणे चालू असेल तर नेआ कामेनीचा दिवस बदलावा. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांची मात्र येथे चंगळ आहे : जूनअखेरीस सूर्य साडेआठनंतर मावळतो. तो पाहायला इयाच्या टोकावर दाटी होते आणि सूर्य बुडताच वारा एकाएकी बोचरा होतो. घरची एक शाल वा जाड उपरणे तेव्हा कामी येते. तेच उपरणे दुपारी ओले करून मानेवर टाकता येते, आणि बेटाच्या सर्वोच्च ठिकाणी, ५६७ मीटर उंचीवर असलेल्या प्रोफितिस इलियासच्या मठाकडे जाताना खांदेही झाकते. ग्रीक मठांत उघडे खांदे आणि गुडघे चालत नाहीत.

या बेटावरील शेतकऱ्याला वारा आणि ऊन यांचा बंदोबस्त फार पूर्वी उमगलेला आहे. तो द्राक्षवेल मांडवावर चढवत नाही. वेल जमिनीलगत गोल गोल वळवून तिची टोपली विणतो आणि घड त्या टोपलीच्या पोटात वाढतात. बाहेरून पाने, आत सावली. सैल, अंगभर कपड्याचे तत्त्व यापेक्षा निराळे नाही.

राहिला प्रश्न दुपारी बारा ते चार या वेळेचा. मुलांना किनारा हवा असतो, पण ही वेळ अक्रोतिरीसाठी राखावी. उद्रेकाच्या राखेखाली गाडले गेलेले हे व्यापारी नगर स्पिरिदोन मारिनातोस यांनी १९६७ पासून उकरून काढण्यास आरंभ केला, आणि आज त्याचा उकरलेला भाग एका विस्तीर्ण छपराखाली आहे. दुमजली-तिमजली घरे, सांडपाण्याची व्यवस्था, धान्याचे रांजण. त्याच्या भिंतींवरील चित्रांत केशर वेचणाऱ्या स्त्रिया आढळल्या, थरावर थर असलेल्या झालरीच्या घागऱ्यांत. एका घरात उभ्या मागाची मातीची वजने मोठ्या संख्येने मिळाली, ताणा खाली ओढून धरण्यासाठी बांधतात ती. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वी या काठावर कापड विणले जात होते. उद्रेकात सापडलेल्या माणसांचे सांगाडे मात्र त्या घरांत मिळालेले नाहीत. आधी भूकंपाचे धक्के बसले असावेत आणि लोक मौल्यवान वस्तू घेऊन निघून गेले असावेत, असे अभ्यासक मानतात. सोन्याच्या वस्तू जवळजवळ नाहीतच. लाकडी पेटीत ठेवलेली सोन्याची एक लहानशी रानबकऱ्याची मूर्ती तेवढी १९९९ साली हाती लागली. २०२५ च्या आरंभी बेटाला पुन्हा हजारो धक्के बसले तेव्हाही दहा हजारांहून अधिक लोक जहाजांनी आणि विमानांनी बाहेर पडले होते, हाती लागेल ती बॅग घेऊन.

कापडवाला आजोबा त्या मागांच्या घरापाशी रेंगाळतो. नातवंडे पुढे निघून जातात, सूनबाई दोनदा मागे वळून हाक देते, 'बाबा, चला ना!' छपराखाली गार असते. दाराशी येताच टोपीची नाडी पुन्हा हनुवटीखाली बांधावी लागते. बाहेर वारा सुरूच असतो.