थंड जेल, गोल फिरणारं यंत्र

कंबर धरली म्हणून फिजिओथेरपिस्टकडे गेलं की बऱ्याचदा ठरलेला कार्यक्रम असतो: थंडगार जेल, त्यावर गोल फिरणारा धातूचा दांडा, पाच-सात मिनिटांनी 'टिंग'. आपण त्याला सरसकट 'मशीनचा शेक' म्हणतो. हा शेक म्हणजे अल्ट्रासाउंड; त्याच्या १ किंवा ३ मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी शरीरात ऊब निर्माण करू शकतात, हे खरंच. पण दुखणं त्याने बरं होतं का? २००१ साली रॉबर्टसन आणि बेकर या संशोधकांनी अल्ट्रासाउंडच्या ३५ चाचण्या तपासल्या. पद्धत धड असलेल्या जेमतेम १० निघाल्या आणि त्यांतल्या ८ मध्ये चालू यंत्र लटक्या उपचारापेक्षा सरस ठरलं नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी अल्ट्रासाउंड देऊच नका, असं सांगितलं.

"पण मला बरं वाटलं!" वाटणारच. कंबरदुखी बरेचदा आपसूक ओसरते, आणि कुणी आस्थेने पाठीवरून हात फिरवला तरी माणूस सैलावतो. खांद्यात कॅल्शियम साठलेल्या रुग्णांना फायदा दिसला, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. १९९९च्या त्या अभ्यासात २४ बैठकांनंतर वेदना खरोखर कमी झाली होती. नऊ महिन्यांनी मात्र खरा आणि लटका उपचार घेतलेल्या गटांच्या वेदनेत लक्षणीय फरक उरला नाही. अपवाद म्हणून तो मान्य करू, पण त्याच्या जोरावर मान, गुडघा, टाच सगळ्यांवर जेल कशाला? अपाय नाही म्हणावं, तर पैसे आणि रजा रुग्णाचीच जाते, आणि व्यायाम मात्र शेवटच्या दोन मिनिटांत, झेरॉक्सच्या कागदावर उरकला जातो.