गाव पाहावं फ्रान्सात!

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका-काकू अकरा दिवस फ्रान्सला जाऊन आले. पॅरिसला नव्हे. पॅरिस काय, हल्ली कोणीही पाहतो. हे दोघं फ्रान्समधलं एक खेडं पाहून आले. परत आल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी सगळ्या विंगला फोटो पाहायला बोलावलं. पूर्वी लोक सत्यनारायणाला बोलवायचे, निदान प्रसाद तरी मिळायचा. इथे चीज मिळालं. त्या चीजला असा काही वास होता, की आमच्या हिने ते हळूच रुमालात गुंडाळलं आणि रुमालासकट टाकून दिलं.

फोटो होते सहाशे चाळीस. बँकेतल्या कारकुनाला मोजायची सवय असते, म्हणून सांगतो. "हे गावातलं जुनं चर्च. हे तळं. ही तळ्यातली बदकं. हीच बदकं पलीकडून. ही आम्ही भाड्याने घेतलेली सायकल. हा सायकलवरून पडल्यावरचा गुडघा." आणि मग काकांनी आवाज खाली आणून सांगितलं, "आता बघा हं. शेळीची धार! तिकीट काढून शेतावर गेलो आणि समोर उभं राहून पाहिली."

खोलीत एकदम शांतता पसरली. मला माझी आजी आठवली. तिच्याकडे तीन शेळ्या होत्या. धार काढताना मी समोर उभा राहिलो की ती ओरडायची, "मेल्या, बघत काय उभा राहतोस, पाणी आण!" यात पर्यटनाचा केवढा मोठा धंदा दडलाय हे तिच्या वेळीच लक्षात आलं असतं, तर आज मी बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला नसतो, बाहेरच्या बाजूला, मॅनेजरसाहेबांनी चहा मागवावा असा खातेदार असतो.

निघताना मी सहज विचारलं, "काका, आपलं दिवाळे गाव पाहिलंत का हो? इथलं, बेलापूरचं?"

"दिवाळे?" काका म्हणाले. "तिथे पाहायचं काय? मासळी चांगली मिळते म्हणे. पण ती आणायला आमची बाई जाते."

'तिथे पाहायचं काय?' या तीन शब्दांविरुद्ध माझी ही फिर्याद आहे.

आधीच सांगतो, फ्रान्सवर माझा राग नाही. उलट त्यांचं कौतुकच आहे. १९८२ साली तिथल्या काही गावांनी एकत्र येऊन 'फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं' अशी एक संस्था काढली. तिच्यात यायचं तर गावाची वस्ती दोन हजारांच्या आत हवी, जपलेल्या जुन्या वास्तू हव्यात आणि मुख्य म्हणजे गावाच्या पंचायतीने तसा ठराव करायला हवा. थोडक्यात, गावच म्हणतं, 'या, आमच्याकडे पाहण्यासारखं आहे.' तिथल्या रानातल्या पायवाटांवर झाडांना, दगडांना पांढरा आणि तांबडा असे दोन पट्टे रंगवलेले असतात. पट्टे पाहत चालायचं, वाट चुकत नाही. ते रंगवतात कोण? सरकारी पेंटर नव्हे. चालणारे हौशी लोकच डबा-ब्रश घेऊन हिंडतात. म्हणजे जो पाहतो, तोच जपतो. काका सहाशे चाळीस फोटो घेऊन आले, पण ही एवढी गोष्ट तिथेच विसरून आले.

आता आमच्याकडे या. आमच्याकडे काय नाही? पनवेलपासून हाकेच्या अंतरावर कर्नाळा. १९६८ पासून तिथे पक्षी अभयारण्य आहे आणि वर अंगठा दाखवावा तसा सुळका असलेला किल्ला. (तो अंगठा आपल्यालाच दाखवलाय, असं मला हल्ली वाटतं.) त्याच रस्त्यावर शिरढोण, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. खारघरला पांडवकडा, शंभर मीटरहून उंच धबधबा. ऐरोलीजवळ ठाणे खाडीत फ्लेमिंगोंचं अभयारण्य, २०१५ साली जाहीर झालेलं. खारघरच्या डोंगरावर फणसवाडी आणि चाफेवाडी. नावं तरी बघा! ही नावं फ्रेंचमध्ये असती, तर काकांनी दोन वर्षं आधी बुकिंग केलं असतं.

पण आपला हिशोब किलोमीटरवर चालतो. माझ्याच नोकरीचं पाहा. आम्हाला प्रवासाची सवलत मिळते, एलएफसी म्हणतात तिला. जितके लांब जाल तितका मोबदला जास्त. शेजारचं गाव पाहिलंत तर मोबदला रिक्षाच्या भाड्याइतका, आणि त्याची पावतीसुद्धा मिळत नाही. ज्याची पावती नाही ते खर्चात धरायचं नाही, हे आम्हाला बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात. तेच आपण आयुष्यात करतो. जवळच्या गोष्टीची पावती नाही, म्हणून ती धरायचीच नाही!

हे सगळं मी घरी हातवारे करून सांगत होतो. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही तरी कुठे पाहिलंय?"

मी गप्प झालो. कारण दहा वर्षं मी रोज सीवूड्सहून बेलापूरला पामबीच रस्त्याने बसने जातो. वाटेत 'किल्ला जंक्शन' लागतं. दहा वर्षं! सुट्ट्या वजा केल्या तरी जाऊन-येऊन पाच हजार वेळा मी त्या सिग्नलला थांबलो असेन. पण किल्ला जंक्शनला किल्ला कुठे आहे, हे मी एकदाही कोणाला विचारलं नाही. चर्चगेटला गेट नाही, तसाच इथे किल्ला नसेल, असं धरून चाललो होतो.

पुढच्या रविवारी मुलाला घेऊन निघालो. रिक्षावाल्याला म्हटलं, "किल्ल्याला चला." तो म्हणाला, "जंक्शनला सोडतो." "जंक्शनला नको, किल्ल्याला." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मीच मुलाचा हात धरून गुपचूप जंक्शनला उतरलो. पुढे चौघांना विचारलं. एकाने पेट्रोल पंप दाखवला, दुसऱ्याने मॉल. शेवटी गावठाणाच्या तोंडाशी एक आजी सावलीत सुकट निवडत बसल्या होत्या, त्यांनी हात करून झाडीतला बुरूज दाखवला. सिद्दीने बांधलेला, पोर्तुगिजांनी घेतलेला, मराठ्यांनी जिंकलेला आणि १८१७ साली इंग्रजांच्या हाती गेलेला बेलापूरचा किल्ला. राज्यं चार बदलली, पण त्याची पुरती दशा करायला आमच्यासारखे पाच हजार वेळा सिग्नलला थांबणारेच लागले.

बुरूज पाहून परत आलो तर आजींनी विचारलं, "गाव कंचा तुमचा?"

"सीवूड्स," मी म्हणालो. "सेक्टर पन्नास."

"त्यो सेक्टर झाला. गाव कंचा?"

मला सांगता येईना. पिन कोड पाठ आहे, सोसायटीचा रजिस्ट्रेशन नंबर पाठ आहे, गाव माहीत नाही. आजी हसल्या. म्हणाल्या, "करावा त्यो. माजा म्हायेर. तुमची बिल्डिंगी हायेत ना, तिथं माज्या बापाचा भात व्हायचा."

सीवूड्स म्हणजे सागर आणि वनराई. आमच्या खिडकीतून दोन्ही दिसत नाहीत. दिसतो समोरचा टॉवर, त्याचं नाव इटलीतल्या एका गावाचं. आणि आम्ही राहतो आजींच्या बापाच्या भातात!

मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांवर हे शहर बसलं. पंचाण्णव! काका फ्रान्समध्ये जाऊन एक पाहून आले. साडेबारा टक्के म्हटलं की मला कर्जाचं व्याज आठवायचं. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत, असा त्याचा इथे अर्थ आहे. आणि त्यामागे जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेलं आंदोलन आहे, गोळीबारात गेलेले पाच जीव आहेत. हे मला कळायला सुकट निवडणाऱ्या आजी भेटाव्या लागल्या.

यावर कोणी म्हणेल, कळून काय करायचं? तर ऐका. न पाहिलेली गोष्ट गेली तरी कळत नाही. नव्या विमानतळासाठी उलव्याचा डोंगर कापला, नदी वळवली, दहा गावं उठवली. तरघर, कोंबडभुजे, कोल्ही, चिंचपाडा. २०२५ च्या नाताळात तिथून विमानं उडू लागली. विमानतळ नको, असं मी म्हणत नाही. पण ही गावं असताना आपल्यापैकी कितीजण तिथे एक चहा पिऊन आले होते? खेडं पाहायला परदेशी जायचं, आणि जायचं ते दहा गावांच्या जागेवरून!

उलट उदाहरणही घरापासून पाच मिनिटांवर आहे. नेरुळच्या तलावात भरतीचं पाणी येण्याची वाट बुजली, तलाव सुकत चालला आणि २०२४ साली तिथे फ्लेमिंगो मरून पडले. हे कोणाच्या लक्षात आलं? जे रोज सकाळी दुर्बीण घेऊन तिथे जात होते, त्यांच्या. त्यांनी आरडाओरडा केला, अर्ज-विनंत्या केल्या आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तो तलाव राखीव करायला मंजुरी दिली. आम्ही तोवर भिंतीवर रंगवलेल्या फ्लेमिंगोसमोर उभं राहून फोटो काढत होतो.

"पण तिथे कचरा असतो," काका म्हणतात. असतो. आपल्याकडे दोनच तऱ्हा आहेत. एक तर कोणी जायचंच नाही, नाहीतर बाटल्या घेऊन जायचं आणि पांडवकड्याच्या पाण्यात वाहून जायचं. मग पावसाळ्यात प्रवेशबंदीचा फलक लागतो आणि शहाण्या माणसाचीही वाट बंद होते. बंदी आणि बेबंदी यांच्या मधून एक पायवाट जाते. तिथे दोन पट्टे रंगवायला माणसं हवीत. डबा-ब्रश मी आणतो.

येत्या रविवारी मीही सगळ्या विंगला फोटो पाहायला बोलावलंय. फोटो एकूण चारच. बुरूज, बुरूज पलीकडून, किल्ला जंक्शनच्या पाटीखाली शरमिंदा उभा असलेला मी, आणि आजी. चीज नाही. दिवाळ्याची कोळंबी आहे.

आणि ती आणायला मी स्वतः जाणार आहे.