ट्रकच्या केबिनमध्ये एसी आला, पण वणीच्या धुळीचं काय?

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांपेक्षा जड मालट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो, म्हणजे ड्रायव्हरसाठी ही मोठीच सोय. पण वणीच्या कोळसा खाणींकडचे ट्रक पाहिले की मला वेगळीच काळजी वाटते.

कारण सोपं आहे. एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर बहुतेक ट्रकमध्ये रेडिएटरच्या पुढे असतो. त्यामुळे रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते. त्यात जाळीवर कोळशाची धूळ बसली, की फॅन कितीही फिरला तरी पुरेशी हवा खेचली जात नाही. उन्हात चार्जिंगला लावलेला फोन स्लो होतो ना? तसंच, आजचं इंजिन जास्त तापलं की त्याचं कंट्रोल युनिट ताकद कमी करतं.

उपाय काय? जाळीला आतून बाहेर, कमी प्रेशरने हवा मारायची. फॅनचा बेल्ट तपासायचा. एअर फिल्टर आपटून पुन्हा बसवायचा नाही. कागद फाटला तर धूळ थेट सिलिंडर घासते. इंडिकेटर लाल झाला की फिल्टर बदलायचा.

या कामाला वेळ लागतो आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे. ट्रिपच्या हिशेबात हा वेळ धरलाच नाही, तर गाडी तापल्यावर ड्रायव्हर सगळ्यात आधी एसीच बंद करेल. मग नियम कागदावरच राहील.