मोठ्याचा खिमा आणि मराठी गद्य

पाककृती हा मराठी गद्याचा एक जुना प्रकार आहे, आणि आपल्या समीक्षेने त्याच्याकडे जवळजवळ पाठ फिरवलेली आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० साली आले, कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली. ही पुस्तके पिढ्यानुपिढ्या सासरी-माहेरी हाताळली गेली, परंतु गद्यशैलीच्या तासाला त्यांतील एक उताराही वाचला जात नाही. या उपेक्षेविषयी स्वतंत्रपणे लिहिता येईल. आम्हांला येथे त्याहून अरुंद प्रश्न मांडायचा आहे: जो पदार्थ आमच्या भोवतालच्या अनेक घरांत शिजतो, त्याची पाककृती लिहायला बसल्यावर विद्यार्थ्याची लेखणी का अडखळते?

पदार्थ साधा आहे. म्हशीच्या मांसाचा खिमा आणि हाताशी असतील त्या भाज्या, यांचा दाट रस्सा. वाशीम, कारंजा, मंगरूळपीर या गावांच्या काही वस्त्यांत तो सणाचा नव्हे, आठवड्याच्या बाजाराचा पदार्थ आहे. बोकडाचे मटण परवडत नाही, आणि अर्ध्या किलोत सहा माणसे जेवायची असतात. म्हणून त्यात बटाटा पडतो, गाजर पडते, हिवाळ्यात वाटाणा आणि मेथी पडते, दुधी असला तर तोही. मुसलमान घरांतला दालचा याच कुळातला. त्यात हरभऱ्याची वा तुरीची डाळ, दुधी, मांस आणि चिंच एकत्र येतात. १८५३ पर्यंत वऱ्हाड प्रत्यक्ष निजामाच्या अमलाखाली होते, हे इतिहासाच्या पुस्तकांइतकेच या पातेल्यातूनही कळते.

कृती सांगतो. दोन मोठे कांदे बारीक चिरून तेलात चांगले तांबूस होऊ द्यावेत. येथे घाई केली की रस्सा फिका राहतो. आले-लसणाचे वाटण घालून त्याचा कच्चा वास गेला की अर्धा किलो खिमा टाकावा आणि आच मोठी ठेवावी. खिम्याला आधी पाणी सुटते, ते आटते, मग कडेने तेल दिसू लागते. या तीन अवस्था डोळ्यांनी ओळखायच्या असतात, घड्याळाने नव्हे. म्हशीच्या मांसात चरबी कमी, म्हणून तेल थोडे जास्त लागते आणि शिजायलाही वेळ लागतो. नंतर हळद, तिखट, काळा मसाला, मीठ व गरम पाणी. गाजर आणि बटाटा आधी, दुधी मागाहून, वाटाणा व मेथी अगदी शेवटी. खिम्यात हाड नसते, त्यामुळे हाडामज्जेतून येणारा दाटपणा त्याला नाही. तो मूठभर भिजवलेल्या डाळीने किंवा येसराने आणावा लागतो. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचे मसालेदार पीठ. हिंगोलीकडच्या सीमेवरच्या गावांत हा शब्द विद्यार्थ्यांना सांगावा लागत नाही. एक गोष्ट मात्र पक्की: खिमा अर्धाकच्चा ठेवू नये. अखंड तुकड्याच्या पृष्ठभागावर असलेले जंतू कुटताना आतपर्यंत मिसळलेले असतात.

आता भाषेकडे वळू. छापील पाककृती विध्यर्थात बोलते. घ्यावे, चिरावे, परतावे. सगळे जिन्नस ओट्यावर हजर आहेत, असे तिने गृहीत धरलेले असते. वर आम्ही लिहिलेली कृतीही त्याच वळणाची झाली, आणि तरी तिच्यात ‘असला तर’ शिरलेच. हा ‘असला तर’ त्या पदार्थाचा गाभा आहे. संपन्न स्वयंपाकघराचे व्याकरण विध्यर्थाचे असते, टंचाईतल्या स्वयंपाकघराचे संकेतार्थाचे. वाटाणा असता तर घातला असता. नाही, म्हणून बटाटा वाढवला. शैलीविज्ञान शिकवणाऱ्यांना याहून चांगले उदाहरण कोठे मिळणार?

परंतु विद्यार्थी हे लिहीत नाहीत. ‘आमच्या घरचा एक पदार्थ’ असा विषय दिला की वहीत पुरणपोळी येते, फार तर शेंगोळे. ज्यांच्या घरी पुरण वर्षातून एकदाच शिजते, त्यांच्याही वहीत तीच. तोंडी विचारले, तर ‘मोठ्याचं’ हा शब्द हलक्या आवाजात निघतो, आणि लिहायला सांगितले की तो नाहीसा होतो. भीती खोटी नाही, आणि तिच्यात आपल्या गद्याचाही हात आहे.

इंग्रजी ‘बीफ’ला मराठी वृत्तपत्रांनी सरसकट ‘गोमांस’ हा प्रतिशब्द दिला. भारतातून ‘बीफ’ म्हणून निर्यात होणारे मांस म्हशीचे असते; गायबैलांच्या मांसाच्या निर्यातीस मुभाच नाही. तरी बातमीत ‘गोमांस निर्यात’ असेच येते. कायदा मात्र वृत्तपत्रांहून काटेकोर आहे. राज्यात गोहत्येवर बंदी आणणारा अधिनियम १९७६ चा. विधिमंडळाने १९९५ साली संमत केलेली सुधारणा राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च २०१५ मध्ये लागू झाली आणि बैल व वळूही बंदीत आले. म्हैस व रेडा या बंदीत नाहीत. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली, पण परराज्यात कायदेशीरपणे कापलेल्या जनावराचे मांस बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हणजे आमचा विद्यार्थी ज्या रश्श्याविषयी गप्प बसतो, तो रस्सा कायद्याने गुन्हा नाही; भाषांतराने त्याला गुन्ह्याच्या रांगेत उभे केले आहे. बोलीतला ‘मोठ्याचं’ हा शब्दही जनावराची जात सांगत नाही, हे खरे. पण तो निदान आरोप तरी करीत नाही. शब्दनिवडीला परिणाम असतात, हे आपण कवितेच्या तासाला घसा कोरडा करून सांगतो.

साहित्याने हा विषय टाळला, असे म्हणता येणार नाही. ‘बलुतं’ (१९७८) व त्यानंतरच्या आत्मकथनांतून मांसाचे वाटे आणि उन्हात वाळवलेल्या चान्या मराठीच्या वर्गात आल्या. परंतु आपण ते उतारे भूक आणि अवहेलना यांचे पुरावे म्हणून शिकवतो. चान्या वाळवणे हे टिकवण्याचे शास्त्र आहे, कोणत्या तुकड्याला किती आच द्यायची हे ज्ञान आहे, त्याकडे आपले लक्ष जात नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात नेमके हेच केले: मराठवाड्यातील महार-मांग घरांचे पदार्थ कृतींसह लिहिले. त्याआधी २००९ साली पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलितांच्या अन्नस्मृतींवर काम केले होते. पाटोळे यांच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये निघाला, तेव्हा आमच्या काही सहकाऱ्यांना मूळ मराठी पुस्तक असल्याचे कळले. असो.

एक आक्षेप गंभीर आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली महाडला मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले, आणि अनेक बौद्ध घरांनी पुढे मोठ्या जनावराचे मांसच वर्ज्य केले. तो स्वाभिमानाचा निर्णय होता. त्या घरांतील मुलांकडून अशा पाककृतीची अपेक्षा करणे हा उद्धटपणाच ठरेल. शिरपूर-कारंज्याच्या जैन घरांतील किंवा वारकरी घरांतील मुलांचेही तेच. त्यांनी आपापल्या घरचे लिहावे. आमचा आग्रह खाण्याविषयी नाही, लिहिण्याविषयी आहे.

वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह येथे लावून दिला, हे आम्ही दरवर्षी अभिमानाने शिकवतो. त्या विवाहाच्या पंगतीत काय वाढले असेल, हा प्रश्न मात्र वर्गात अजून कोणी विचारलेला नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे काही गुण घरच्या पाककृतीसाठी ठेवावेत, असे आम्ही सुचवतो. अट दोनच गोष्टींची: जिन्नसांची नावे घरात उच्चारली जातात तशीच लिहायची, आणि मांस असेल तर कोणत्या जनावराचे, तेही लिहायचे. म्हशीचे असेल तर ‘म्हशीचे’.