खिडकीला कडी घातलीस?

रात्रीचा दीड. ताईचा सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. अकरा वर्षांचा माझा भाचा अंथरुणातून उठला आणि थेट बाल्कनीकडे निघाला. ‘मावशी, बस सुटेल ना!’ डोळे टक्क उघडे, पण मी त्याला दिसतच नव्हते. अंगात १०३ ताप. संध्याकाळीच फ्लूचं निदान होऊन ऑसेल्टामिवीर सुरू झालेलं. म्हणजे तीच, स्वाइन फ्लूच्या वेळची आपली टॅमीफ्लू!

त्याला कसंबसं झोपवलं. ताईनं नेटवर वाचलं आणि ती गारच पडली. ‘जपानमध्ये या गोळीनं मुलं उड्या मारतात गं! उद्यापासून बंद.’

योगायोग बघा, माझा क्लायंट जपानीच. सकाळच्या कॉलवर मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. तिकडून पहिला प्रश्न, ‘खिडक्यांना कड्या घातल्यात ना?’

मग नीट वाचून काढलं. गोळी घेतलेली काही मुलं उंचावरून पडून दगावली, म्हणून मार्च २००७ मध्ये जपान सरकारनं १० ते १९ वयाच्या मुलांना ती शक्यतो देऊ नका, असं बजावलं. पुढे वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या, तेव्हा दिसलं की गोळी न घेतलेली मुलंही फ्लूच्या तापात अशीच बरळतात, पळत सुटतात. २०१८ मध्ये मनाई उठली. अमेरिकेतल्या २०२५ च्या एका मोठ्या अभ्यासात तर फ्लू झालेल्या ज्या मुलांनी हे औषध घेतलं, त्यांच्यात असे गंभीर त्रास जवळपास निम्मेच आढळले.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ‘मनानं औषध बंद करू नका. पण त्याला एकटं सोडू नका. झटके आले, जागा होईना किंवा भ्रम उतरेना, तर तडक हॉस्पिटल.’

जपानमध्येही पालकांना हेच सांगतात. गोळी घ्या वा न घ्या, ताप आल्यापासून निदान दोन दिवस मुलावर नजर, दारं-खिडक्या बंद. दोष गोळीचा की तापाचा, हा वाद डॉक्टर घालतील. कडी आपण घालायची.

बॉसचं वाकडं तोंड बघून सुट्टी टाकली. ताई आणि मी, आळीपाळीनं दोन रात्री जागलो. तिसऱ्या दिवशी साहेब उठले ते ओरडतच, ‘मावशी, बाल्कनीला कुलूप कोणी लावलं? माझा बॉल आहे तिकडे!’

इतकं गोड भांडण मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.