होडी काठावर, पाणी मात्र चालते

कोकणात भरती चढते आणि सहा तासांनी उतरू लागते. उजनी धरणाचे पाणी पावसाळ्यात एकदा चढले की कित्येक महिने माघारी जात नाही. बारामती-इंदापूरचा हा पट्टा पर्जन्यछायेतला. इथे ऊन असते, पाऊस पुण्याच्या वरच्या धरणांवर कोसळतो आणि भीमेतून पाणी येते. म्हणून आपल्या होडीवाल्यांचे भरतीचे कोष्टक म्हणजे दौंडजवळ भीमेतून येणारा विसर्ग.

धरणाच्या मृतसाठ्याची पातळी 491.03 मीटर, पूर्ण संचयाची 496.83. उंचीत फरक सहा मीटरांच्या आत, पण काठ पसरट. पाणी शेतांतून दूरवर सरकते. 2024 च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा उणे 60 टक्क्यांजवळ गेला, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्या पातळीखाली उतरले, पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर उघडे पडले, आणि त्याच ऑगस्टमध्ये धरण भरले. उन्हाळ्यात पाण्यालगत ओढून ठेवलेल्या होडीचे अशा वर्षी काय होते, ते वेगळे सांगायला नको.

पाणी चढण्याआधी येतो वळवाचा वारा. 21 मे 2024 च्या संध्याकाळी उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशी दरम्यान बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. ती पाण्यात होती. काठावरच्या रिकाम्या होडीलाही हाच वारा उचलतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. दोन होड्या जोडून वर फळ्या ठोकलेल्या असतील तर वारा फळ्यांखाली शिरतो. अशा जोडहोडीला चारही कोपऱ्यांना दोर हवा.

खरी अडचण दोराच्या लांबीची. वाऱ्यासाठी दोर आखूड आणि ताणलेला हवा, चढत्या पाण्यासाठी सैल. आखूड दोराची होडी पाणी चढताना नाकाकडून दाबली जाऊन भरते, सैल दोराची दगडांवर आपटत राहते. आमच्या मते यावर तडजोड नको. चार माणसे जास्त लागली तरी होडी पूर्ण संचय रेषेच्या वर न्या, लहान असेल तर पालथी घाला, मग आवळून बांधा.

मेखेवर भरवसा ठेवू नका. काळी माती भिजली की मेख हलक्या हाताने निघते. त्यापेक्षा हातभर खोल चर खणून ओंडका आडवा पुरा, दोर त्याच्या मध्यावर बांधा आणि माती घट्ट चोपा. माती कोरडी आहे तोवरच हे काम नीट होते.

वळवाची पहिली सर येण्याआधी होड्या वर घ्या, आणि शेजाऱ्याची होडी एकट्याने ओढवत नसेल तर तिलाही हात लावा.